तुर्कस्तानात खाणार काय?

तुर्कस्तानला जायचं ठरलं, तसा नातेवाइकांकडून एकच प्रश्न यायला लागला, "अगं, पण आई तिथे खाणार काय?" प्रश्न रास्त होता. माझी आई पूर्ण शाकाहारी, अंडंही न खाणारी. आणि तुर्कस्तान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो सळईवर फिरणारा कबाब. सहल कंपन्यांनी यावर सोपा तोडगा काढलेला असतो. रोज रात्री भारतीय हॉटेलात जिरा राईस, दाल आणि पनीर. पण नऊ दिवस तेच जेवायचं तर ते लकडी का पूलवरही मिळतं, त्यासाठी इतका खर्च कशाला, असं माझ्या सतरा वर्षांच्या लेकीचं म्हणणं पडलं. म्हणून आम्ही तिघी आपल्या आपणच निघालो. सहा दिवस इस्तंबूल आणि तीन दिवस गाझिआन्तेप.

मला काळजी होती ती वेगळीच. बाबांना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध झालं, घरात सणवार पुन्हा सुरू झाले, पण आईचं गोड खाणं काही परत आलं नव्हतं. तिने नेम वगैरे केला नव्हता. कुणी विचारलं तर "नकोसं वाटतं गं" एवढंच म्हणायची. बाबांना जेवणानंतर गोड काहीतरी लागायचंच, आणि ते दोघांनी एकाच वाटीतून खायचं ही त्यांची जुनी सवय. अशा बाईला घेऊन मी मिठाईच्या देशात निघाले होते.

कॉफीच्या आधी

तुर्की भाषेत न्याहारीला 'काहवाल्ती' म्हणतात. 'काहवे' म्हणजे कॉफी, आणि पूर्ण शब्दाचा अर्थ 'कॉफीच्या आधीचं'. रिकाम्या पोटी कॉफी पिऊ नये, म्हणून आधी हे खाऊन घ्यायचं. आता सकाळी कॉफीच्या जागी चहाच असतो, पण नाव राहिलं.

पहिल्याच सकाळी टेबलावर लहान लहान बशा येत गेल्या आणि आई मोजत राहिली. काळे ऑलिव्ह, हिरवे ऑलिव्ह, तीन प्रकारचं चीज, टोमॅटो, काकडी, मध, जाड साय, चेरीचा मुरंबा, ताजा पाव. एका बशीत दाट, तपकिरी, दोन रंगांचं काहीतरी होतं. लेकीने फोनवर शोधून सांगितलं, "ताहिन-पेकमेझ. ताहिन म्हणजे तिळाचं वाटण, आणि पेकमेझ म्हणजे द्राक्षाचा रस आटवून केलेली काकवी." आईने पावाच्या टोकाने ते ढवळून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे हा पातळ तिळगूळच की!" चाखलं मात्र नाही. बशी लेकीकडे सरकवली.

चहा इथे दुधाशिवाय, कमरेत बारीक असलेल्या काचेच्या लहान पेल्यात देतात. एकावर एक अशा दोन किटल्या असतात. वरच्या किटलीत कडक चहा, खालच्या किटलीत उकळतं पाणी. ज्याला जसा हवा तसा दोन्ही मिसळून घ्यायचा. कॉफीच्या नावाने प्रसिद्ध असलेला हा देश प्रत्यक्षात दिवसभर चहाच पितो. हा चहा काळ्या समुद्राच्या काठी, रिझे भागात पिकतो.

खोटी दोल्मा आणि बेशुद्ध इमाम

दोन दिवसांत आम्हाला एक गोष्ट कळली. "व्हेजिटेरियन" म्हटलं की वेटर गोंधळतो, पण त्याच्याच भाषेत पदार्थाचं नाव घेतलं की ताट भरतं. तुर्की स्वयंपाकात भाज्यांचा एक अख्खा विभाग आहे, 'झेतिन्याली'. त्याचा अर्थ 'ऑलिव्ह तेलातलं'. फरसबी, आर्टिचोक, लीक, वालासारख्या शेंगा तेलात मंद शिजवतात आणि गार झाल्यावरच वाढतात. गार भाजी हा आईला आधी अपमानच वाटला. तिसऱ्या दिवशी तिने फरसबी पुन्हा मागवली.

द्राक्षाच्या पानात मसाल्याचा भात भरून केलेल्या सुरळ्यांचं नाव तर फारच आवडलं. खिमा न घालता केलेल्या दोल्माला 'यालांजी दोल्मा' म्हणतात, म्हणजे खोटारडी दोल्मा. आत तांदूळ, मनुका, चिलगोजे आणि थोडी दालचिनी. शाकाहाऱ्याने तुर्कस्तानात हीच खोटारडी शोधायची! दुसरं नाव 'इमाम बायल्दी', म्हणजे इमाम बेशुद्ध पडले. अख्ख्या वांग्यात कांदा, लसूण, टोमॅटो भरून ते भरपूर ऑलिव्ह तेलात शिजवतात. चवीने भान हरपलं म्हणून इमाम पडले, असं काही म्हणतात. बायकोने तेल किती वापरलं ते ऐकून पडले, असं दुसरे म्हणतात. आईचा कौल दुसऱ्या बाजूला. भरली वांगी ती चाळीस वर्षं करते आहे. "दाण्याचं कूट नाही, म्हणून एवढं तेल लागतं," हा तिचा निष्कर्ष.

रस्त्यावर खायचं तर 'गोझलेमे'. बायका जमिनीवर बसून बारीक लांब लाटण्याने कागदासारखी पोळी लाटतात, तिच्यात पालक, चीज किंवा बटाटा घालून घडी करतात आणि मोठ्या उलट्या तव्यावर भाजतात. 'ची कोफ्ते' हा पदार्थ मुळात कच्च्या मांसाचा, पण रस्त्यावरच्या दुकानांत आता तो बिनमांसाचाच मिळतो. गव्हाचा बारीक दलिया, मिरची आणि डाळिंबाचं आंबट घालून मळलेला हा मुटका सॅलडच्या पानात गुंडाळून देतात. लेक त्यावर फिदा.

दोन ठिकाणी सावध राहावं लागतं. मसुरीच्या डाळीचं सूप सगळीकडे मिळतं, पण ते कधीकधी मांसाच्या पाण्यात शिजवतात, म्हणून "एत सुयू?" एवढं विचारावं. आणि मिठाईच्या दुकानात पांढरीशुभ्र, साध्या दुधाच्या खरवसासारखी दिसणारी 'तावुक ग्योसू' असते. नावाचा अर्थ 'कोंबडीची छाती'. खरोखरच कोंबडीचं मांस तंतू तंतू करून दुधात आटवतात, आणि ते जिभेला कळतही नाही. तिचीच खरपूस बहीण 'काझानदिबी', म्हणजे पातेल्याचा तळ. तिच्यातही परंपरेने कोंबडी असते. शाकाहाऱ्यांनी शेजारची 'सूतलाच' घ्यावी, ती तांदळाची खीर भट्टीत वरून भाजलेली.

बाजारातले ओळखीचे शब्द

एमिनोनूचा मसाल्याचा बाजार, 'मिसिर चारशिसी', 1660च्या दशकातला आहे. मिसिर म्हणजे इजिप्त. आत शिरलो आणि लेकीने पाट्या वाचायला सुरुवात केली. बादेम म्हणजे बदाम. लिमोन, हेल्वा, शेर्बेत, पिलाव, पेयनिर ओळखायला तर कोशच लागला नाही. दुकान हे दुक्यान, मैदान हे मेयदान, साबण हा साबून. जेवण झाल्यावर बिल मागायचं तर "हेसाप" म्हणायचं, म्हणजे आपला हिशेबच. फारसी आणि अरबीतून हे शब्द तिकडेही गेले आणि दक्खनेतही आले. मात्र साखरेला ते 'शेकेर' म्हणतात, तो शब्द उलट्या दिशेने गेलेला. आपली शर्करा इराणमार्गे तिथे पोचली.

सगळ्यात गंमत नारळाची. खोबऱ्यात घोळवलेल्या मिठाईसमोर पाटी होती, 'हिंदिस्तान जेविझी'. जेविझ म्हणजे अक्रोड. नारळ हा त्यांच्या लेखी हिंदुस्तानचा अक्रोड. आणि इंग्रज ज्या पक्ष्याला 'टर्की' म्हणतात, त्याचं तुर्की नाव 'हिंदी'. ज्याने त्याने तो पक्षी दुसऱ्याच्या नावावर घातला आहे.

ती मिठाई म्हणजे 'लोकूम', जगात टर्किश डिलाइट म्हणून ओळखली जाणारी. कास्तामोनू भागातून आलेल्या हाजी बेकिर यांनी 1777मध्ये इस्तंबूलमध्ये मिठाईचं दुकान काढलं, आणि त्यांच्या घराण्याचं दुकान बाहचेकापीत आजही आहे. अस्सल लोकूम साखर आणि स्टार्च बराच वेळ आटवून करतात. त्यात जिलेटिन लागत नाही, म्हणजे आपल्याला चालतं. गुलाब, लिंबू, पिस्ता, डाळिंब असे प्रकार. बाजारातल्या एका दुकानदाराने कात्रीने तुकडे कापून आमच्या हातावर ठेवले आणि तुर्कीत काहीतरी म्हणाला. लेकीने फोन पुढे केला. वाक्य असं होतं: 'गोड खाऊ या, गोड बोलू या.' ही तिथली रोजची म्हण आहे. आम्ही तिघी एकमेकींकडे बघतच राहिलो. संक्रांतीचं वाक्य जानेवारी नसताना, गुलाबाच्या वासात ऐकू आलं होतं. आईने तो तुकडा नाकारला नाही. रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला.

बकलाव्याची मिरवणूक

तोपकापी राजवाड्यात लोक हिरेमाणकं बघायला गर्दी करतात. आम्ही आधी मुदपाकखान्यात गेलो. धुराड्यांची रांगच्या रांग, आणि मिठाईसाठी वेगळा विभाग, हेल्वाहाने. सुलतानाच्या जानिसारी फौजेचा सगळा व्यवहार स्वयंपाकघराच्या भाषेत चालायचा. त्यांच्या एका अधिकाऱ्याचा हुद्दा 'चोर्बाजी', म्हणजे सूपवाला. रमझानच्या पंधराव्या दिवशी राजवाड्यातून बकलाव्याची परातच्या परात निघायची, दर दहा शिपायांमागे एक, आणि फौज ती मिरवत छावणीत न्यायची. फौज रुसली तर आपले हंडे उपडे घालायची. हंडा उपडा पडला की बंड झालं समजायचं. 1826मध्ये ही फौजच मोडून काढली गेली आणि मिरवणूक थांबली. 'हंडा उचलणे' हा बंडासाठीचा वाक्प्रचार मात्र भाषेत अजून आहे.

बॉस्फरसच्या काठावरच्या दोल्माबाहचे राजवाड्यात हैदराबादकराला थोडं थांबावंसं वाटतं. शेवटचे खलिफा अब्दुलमजीद इथेच राहत. मार्च 1924मध्ये त्यांना देश सोडावा लागला. त्यांची मुलगी दुर्रुशेहवार आणि त्याच घराण्यातली नीलोफर यांची लग्नं 1931मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात निजामाच्या दोन मुलांशी झाली, आणि त्या आपल्या शहरात आल्या. नीलोफर रुग्णालयावरून आपण रोज जातो. ते नाव या घराण्यातून आलेलं आहे. त्या संध्याकाळी हॉटेलात जर्दाळू साखरेत शिजवून, आत साय आणि वर पिस्ते भरून समोर आले, आणि लेक ओरडली, "आजी, खुबानी का मीठा!" वाढपी मुलाला काही कळलं नाही, पण तोही हसला.

गाझिआन्तेपची तांबट आळी

गाझिआन्तेप सीरियाच्या सीमेजवळ आहे. 6 फेब्रुवारी 2023च्या भूकंपात इथल्या जुन्या किल्ल्याच्या भिंती ढासळल्या. जवळचं आन्ताक्या शहर तर जवळजवळ भुईसपाट झालं. 'क्युनेफे' हा आन्ताक्याचा पदार्थ. शेवयांच्या दोन थरांमध्ये बिनमिठाचं चीज घालून, तव्यावर उलटसुलट भाजून, गरम पाक ओतलेला. आम्हाला तो करून देणारा माणूस आन्ताक्याचाच होता. घराबद्दल विचारल्यावर त्याने हाताने फक्त सपाट जमीन दाखवली आणि पुन्हा शेवया परतायला लागला.

इथला बाजार म्हणजे थेट आपली तांबट आळी. हातोड्यांचा एकसुरी ठोका दिवसभर चालू. आणि शहराचा अभिमान म्हणजे पिस्ता आणि बकलावा. 2013मध्ये युरोपीय संघाने 'आन्तेप बकलावा' या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. तुर्कस्तानातल्या पदार्थाला असं संरक्षण मिळण्याची ती पहिलीच वेळ. 2015मध्ये युनेस्कोने या शहराला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हणून निवडलं.

एका कारखान्याच्या काचेतून आम्ही अर्धा तास बघत उभ्या होतो. कारागीर स्टार्च भुरभुरून अनेक पाऱ्या एकदम लाटतात. इतक्या पातळ, की पलीकडचा माणूस दिसतो. चाळीसच्या आसपास थर, मध्ये पूर्ण पिकण्याआधीच तोडलेला हिरवागार पिस्ता, वर साजूक तूप, आणि भट्टीतून निघाल्यावर साखरेचा पाक. तिथल्या वाढप्याने खायची रीत दाखवली. काटा टोचल्यावर आधी कुरकुर आवाज आला पाहिजे, मग तुकडा उपडा करून तोंडात घालायचा, म्हणजे पाकाची बाजू टाळूला लागते. सकाळी तर 'कातमेर' खातात. पातळ पारीत साय, पिस्ता आणि साखर घालून घडी केलेली. नव्या जोडप्याला लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी हीच द्यायची प्रथा आहे. आम्ही दोघींनी खाल्ली. आईने चहा घेतला.

रव्याचा वास

आम्ही उतरलो होतो ते जुनं दगडी घर होतं, मध्ये चौक असलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत पडलो असताना आई एकदम उठून बसली. "रवा भाजतायत," म्हणाली. खाली स्वयंपाकघरात मालकीणबाई आणि शेजारच्या चार बायका एका मोठ्या पातेल्याभोवती उभ्या होत्या. शेजारच्या घरातले आजोबा वारले होते, त्याचा चाळिसावा दिवस. अशा वेळी 'इर्मिक हेल्वासी' करतात आणि ओळखीच्या घरांत वाटतात. इर्मिक म्हणजे रवा. तिथे असलेली प्रत्येक बाई पाळीपाळीने रवा परतते, आणि परतताना गेलेल्या माणसासाठी मनात प्रार्थना म्हणते.

आपल्याकडे सुतकात गोड वर्ज्य. तेराव्या-चौदाव्याला गोडाचं जेवण करून दुःखाला बाहेरची वाट दाखवायची. तिथे दुःखाच्या दिवसांतच गोड शिजतं आणि गेलेल्याच्या नावाने घरोघर जातं. रीत उलटी, पण दोन्हीकडे काम साखरेलाच दिलेलं.

आई दारात उभी होती. मालकीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, काहीही न विचारता उलथनं तिच्या हातात दिलं. रवा परतायला आईला भाषा लागत नाही. तळाला न लागू देता, कडेने उचलून, ती दहा मिनिटं परतत राहिली. कुणी बोललं नाही. रवा बदामी झाला तेव्हा बाईंनी साखर घातलेलं गरम दूध ओतलं, झाकण ठेवलं आणि आईच्या हाताला हात लावून म्हणाल्या, "एलिनिझे सालक." तुमच्या हाताला आरोग्य लाभो. रांधणाऱ्याला तिथे असंच म्हणतात.

थोड्या वेळाने आमच्या खोलीत तीन बशा आल्या. आईने चमच्याने पहिला घास घेतला, मग दुसरा. बशी संपवून म्हणाली, "साखर जरा कमी आहे." रात्री अंथरुणात तिने एवढंच सांगितलं, "त्या सगळ्या काही ना काही पुटपुटत होत्या. मी रामरक्षा म्हटली."

निघायच्या दिवशी बशा परत द्यायच्या होत्या. शेजारचं भांडं रिकामं परत करू नये, ही रीत त्यांचीही आहे आणि आपलीही. आईने तिन्ही बशांत हैदराबादेहून आणलेल्या चकल्या भरून दिल्या. विमानतळावर तिने पर्समधला रुमाल उघडला. लोकूमचा तुकडा घट्ट झाला होता. तिने तो तीन भागांत मोडला.

जाणार असाल तर

"एत येमियोरुम" म्हणजे "मी मांस खात नाही". हे एक वाक्य पाठ करा. "एतसिझ" म्हणजे बिनमांसाचं. दुपारी घरगुती जेवणाच्या छोट्या खाणावळीत जा. तिथे शिजलेले पदार्थ काचेमागे मांडलेले असतात, बोट दाखवून घेता येतात. मोहरमच्या दिवसांत गेलात तर 'आशुरे' चुकवू नका. गहू, हरभरे, जर्दाळू, अंजीर, अक्रोड असं सगळं एकत्र शिजवून शेजाऱ्यांना वाटलेली ही खीर. नोहाच्या नावेत उरलंसुरलं जे होतं ते एकत्र शिजवलं, अशी तिची कथा सांगतात.

आणि घरी करून बघायचं असेल तर इर्मिक हेल्वासी. दोन वाट्या रवा, पाऊण वाटी लोणी किंवा तूप, मूठभर चिलगोजे. तिन्ही एकत्र, मंद आचेवर, चिलगोजे तपकिरी होईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं परता. आपल्या शिऱ्यापेक्षा रंग गडद यायला हवा. तीन वाट्या दूध दीड वाटी साखर घालून गरम करा आणि जपून ओता, कारण रवा उसळतो. दूध आटलं की गॅस बंद करून झाकण ठेवा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. मग मोकळा करून वाटीने बशीत उपडा घाला. घरात जेवढी माणसं असतील त्यांनी पाळीपाळीने परतावा, आणि पहिली बशी शेजारी द्यावी.